काठावरून दिसणारे साम्राज्य

१८ मे १९९१ रोजी सर्गेई क्रिकाल्योव्ह बैकानूरहून ‘मीर’ या सोव्हिएत अंतराळस्थानकाकडे निघाला, तेव्हा पाच महिन्यांनी परतायचे असे ठरले होते. ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे आले. सप्टेंबरमध्ये त्याचे जन्मगाव लेनिनग्राड पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले. बैकानूरचा तळ कझाकस्तानच्या भूमीवर, आणि कझाकस्तान वेगळे होण्याच्या वाटेवर. तिथल्या नेतृत्वाला राजी ठेवायचे म्हणून ऑक्टोबरच्या यानात एका कझाक वैमानिकाला जागा दिली गेली. पैसे वाचावेत म्हणून दोन उड्डाणांचे एकच करण्यात आले. त्या वैमानिकाला दीर्घ मुक्कामाचे प्रशिक्षण नव्हते, तो आठवडाभरात परतला. क्रिकाल्योव्ह वरच राहिला. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह पायउतार झाले आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. २५ मार्च १९९२ रोजी, सुमारे ३११ दिवसांनी, क्रिकाल्योव्ह जमिनीवर आला. त्याला पाठवणारा देश तोवर नकाशावरून नाहीसा झाला होता.

वृत्तपत्रांनी त्याला ‘टाकून दिलेला अंतराळवीर’ म्हटले. ते खरे नव्हते. परतीचे यान स्थानकाला जोडलेलेच होते, मनात आणले असते तर तो उतरू शकला असता. तो थांबला, कारण स्थानक सांभाळायला सराव असलेला माणूस हवा होता. खाली नियंत्रण कक्षातही पगाराची आणि झेंड्याची शाश्वती नसलेली माणसे पाळीवर येत राहिली.

अवकाशातले साम्राज्य कोसळते या विषयावर गेल्या ऐंशी वर्षांत शेकडो कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. त्यांपैकी पुष्कळ मी मनापासून वाचल्या आणि त्यांच्यावर प्रेम केले. पण साम्राज्य कोसळते म्हणजे नेमके काय होते, ते मला त्या कादंबऱ्यांपेक्षा क्रिकाल्योव्हच्या त्या दहा महिन्यांनी आणि छत्तीसगडातल्या ज्या गावात मी वाढलो त्या भिलाईने अधिक शिकवले. या पुस्तकातली कादंबरी त्यातून आली आहे. मराठीत या प्रकाराची फारशी वहिवाट नाही, म्हणून विषयाची ओळख थोडी सविस्तर करून देणे मला गरजेचे वाटते.

या प्रकाराला आज जे रूप आहे त्याचे मूळ आयझॅक असिमोव्ह यांच्यात आहे. ते जन्माने रशियन, पेत्रोविची गावचे; आईवडिलांनी १९२३ साली त्यांना अमेरिकेला नेले. १ ऑगस्ट १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटायला जाताना आकाशगंगाभर पसरलेल्या आणि मोडकळीला आलेल्या साम्राज्याची कल्पना आपल्याला सुचली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. गिबनने लिहिलेला रोमच्या ऱ्हासाचा इतिहास त्यांच्या वाचनात होता. ‘फाउंडेशन’ची पहिली कथा मे १९४२ च्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकात छापून आली. त्या महिन्याकडे आपण आपल्या बाजूने पाहिले पाहिजे. फेब्रुवारीत सिंगापूर पडले होते, मार्चमध्ये रंगून गेले होते, ब्रह्मदेशातून पायी निघालेल्या निर्वासितांचे तांडे आसामात उतरत होते, आणि मुंबईच्या गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव व्हायला तीन महिने उरले होते. अमेरिकेतला एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा जे कल्पनेने लिहीत होता, त्याच्या प्रत्यक्षात इथला वाचक बसलेला होता.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९६५ मध्ये फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ने साम्राज्याची नाडी एका वाळवंटी ग्रहावरच्या एका पदार्थात असते हे दाखवले. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने बंडाची गोष्ट घरोघरी नेली आणि साम्राज्य म्हणजे काळ्या शिरस्त्राणातला खलनायक, अशी समजूतही पक्की केली. अलीकडे अॅन लेकी, आर्केडी मार्टीन या लेखिकांनी साम्राज्याच्या भाषेचा, नोकरशाहीचा आणि त्याच्याविषयी मनात असणाऱ्या ओढीचा विचार केला. मला या सगळ्यांत मार्टीन यांची २०१९ ची ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’ सर्वात जवळची वाटते. तिची नायिका परिघावरच्या एका छोट्या खाणस्थानकातून राजधानीत येते, आणि जे साम्राज्य आपल्याला गिळेल त्याच्याच कवितेवर तिचा जीव जडलेला असतो. परप्रांतात वाढलेल्या मराठी मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही.

मराठी विज्ञानकथेने वेगळा रस्ता धरला. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून १९७४ मध्ये जयंत नारळीकर कथालेखक म्हणून पुढे आले. त्यांच्या, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथांनी वाचकांची एक पिढी घडवली. त्या कथांच्या मध्यभागी बहुतेकदा एक वैज्ञानिक असतो, एक शोध असतो आणि त्या शोधाने माणसापुढे टाकलेला पेच असतो. साम्राज्य हा विषय आपण ऐतिहासिक कादंबरीकडे सोपवला. ना. सं. इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’त दुसरा बाजीराव घेतला, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ मध्ये आली. दरबार, वकील, हुंड्या, थकलेली चौथाई, वेळेवर न पोहोचणारी कुमक, ही सारी सामग्री मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेली आहे. माझे म्हणणे असे आहे की अवकाशातल्या साम्राज्याची कथा वाचायला जगात मराठी वाचकाइतका तयार वाचक क्वचितच मिळेल. त्याला फक्त यानात बसायचे आहे.

एक उदाहरण देतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. नानासाहेब पेशवे त्या वेळी माळव्यात, भिलशाच्या परिसरात होते. तिथे त्यांना उत्तरेकडून आलेले एका सावकाराचे पत्र मिळाले, ज्यात मोती आणि मोहरांच्या हिशेबाच्या भाषेत भाऊ, विश्वासराव आणि पडलेल्या सरदारांची वार्ता होती. मधल्या दहाएक दिवसांत पेशवे जिवंत फौजेला कुमक घेऊन चालले होते आणि ती फौज उरलेलीच नव्हती. आता हेच अंतर ताऱ्यांमधले धरा. सूर्याला सर्वात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. आकाशगंगेचा विस्तार एक लाख प्रकाशवर्षांच्या घरात. प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जात नाही हा नियम लेखकाने पाळला, तर राजधानीतून निघालेले फर्मान पोहोचेपर्यंत ते काढणारा मेलेला असतो आणि कदाचित त्याचे घराणेही. अशा साम्राज्यात प्रत्येक सुभा भूतकाळाशी इमान राखत असतो. बहुतेक लेखक एखादी जादुई उडी कल्पून ही अडचण मिटवतात. मी ती मिटवलेली नाही. माझ्या कथेचा ताण तिच्यातच आहे.

आता भिलाईकडे येतो. हे गाव दोन साम्राज्यांच्या काठावर वसलेले आहे, आणि दोन्ही गेली.

पहिले नागपूरकर भोसल्यांचे. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या फौजा छत्तीसगडात उतरल्या, तेव्हा भिलाईच्या शेजारचे दुर्ग हे त्यांच्या मोहिमेचे ठाणे होते. तिथल्या जुन्या मातीच्या गढीच्या उंचवट्यावर मराठ्यांची छावणी पडली आणि रतनपूरचे कलचुरी राज्य जवळपास लढाईशिवाय खाली आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरातच राहून कारभार पाहत होते. त्यांनी रामटेकडीवर राममंदिर बांधले, कागदपत्रांत मोडी आली, दसऱ्याला सोने वाटण्याची चाल तिकडे त्यांच्यापासून पडली असे सांगतात. बिंबाजींनंतर मात्र नागपुराहून सुभेदार येऊ लागले आणि मुलखाकडे पाहण्याची नजर वसुलीपुरती उरली. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रायपूरला केले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले आणि राजवाड्यातले हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले.

नागपूरकर इतिहासात हा लिलाव मोठ्या दुःखाने सांगितला जातो, आणि ते दुःख खोटे नाही. पण छत्तीसगडच्या बाजूने पाहिले तर राज्य १८५३ साली गेले नव्हते. राज्यकर्ता मुलखात राहायचा थांबला, तेव्हाच ते जायला लागले होते. मधली सुमारे पासष्ट वर्षे फक्त पावत्या फाडल्या जात होत्या. राजधानीतला माणूस पतनाची तारीख सांगतो. काठावरच्या माणसाला तारीख सांगता येत नाही, पण रस्ता कधीपासून दुरुस्त झाला नाही ते बरोबर आठवते.

दुसरे साम्राज्य सोव्हिएत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. दहा लाख टन क्षमता, कर्जावर अडीच टक्के व्याज, फेड बारा हप्त्यांत. बांधकामाच्या ऐन काळात सोव्हिएत बाजूचे प्रमुख अभियंते व्हेनियामिन दिमशित्स होते, जे पुढे त्यांच्या देशाचे उपपंतप्रधान झाले. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक. धानाची शेते आणि गावे घेऊन त्यांच्या जागी सरळ रेषेत आखलेले सेक्टर. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी कुटुंबे मुंबई-हावडा मार्गाने इथे आली आणि मलयाळी, आंध्र, पंजाबी, बंगाली, छत्तीसगढी शेजाऱ्यांत मिसळली. आमच्या लहानपणी रशिया हे परराष्ट्र वाटत नसे. भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाची मैत्री बाग होती, मीर आणि रादुगा प्रकाशनांची स्वस्त, जाड पुठ्ठ्याची पुस्तके होती, आणि १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून वर गेले तेव्हा इथल्या मुलांना तो घरचाच कार्यक्रम वाटला.

त्या पुस्तकांत इव्हान येफ्रेमोव्हची ‘अँड्रोमेडा’ होती. ती १९५७ ची, म्हणजे स्पुटनिकच्याच वर्षातली; भिलाईचा पाया तेव्हा भरला जात होता. हजारो वर्षांनंतरचे जग, त्यात युद्ध नाही, मालकी नाही, साम्राज्य नाही. दूरच्या संस्कृती एकमेकींना ज्ञान पाठवतात. अमेरिकेतला रशियन मुलगा पतनाची कथा लिहीत होता आणि रशियातला शास्त्रज्ञ अपतनाची. मला दोन्ही लागतात. येफ्रेमोव्ह वाचलेला नसता तर कोसळताना नेमके काय हरवते ते मला कळले नसते. ज्यांनी भिलाई बांधली त्यांच्यातल्या पुष्कळांचा त्या स्वप्नावर खरोखर विश्वास होता आणि त्या विश्वासाला हसणाऱ्यांत मी नाही.

१९९१ मध्ये ते साम्राज्य गेले. उरलमधले उरलमाश आणि क्रामातोर्स्क ही अवजड यंत्रांची दोन मोठी केंद्रे दोन वेगळ्या देशांत गेली, एक रशियात, एक युक्रेनमध्ये. रुपया-रुबलचा व्यवहार लटकला. आणि इतिहासाच्या पुस्तकांत क्वचित सांगितली जाणारी एक गोष्ट झाली: साम्राज्य गेले तरी त्याचे देणे राहिले. जानेवारी १९९३ मध्ये येल्त्सिन दिल्लीत आले, रुबलचा दर ठरवला गेला, आणि मेलेल्या राज्याचे कर्ज भारत पुढची कित्येक वर्षे त्याच्या वारसाला फेडत राहिला. अवकाशकथांत आरमारे जळताना दिसतात. कर्जरोखे कोणाकडे गेले ते मी तरी कुठे वाचलेले नाही.

भिलाईच्या भट्ट्या मात्र चालू राहिल्या. झोतभट्टी मनाला येईल तेव्हा बंद करता येत नाही. आतले लोखंड सुमारे दीड हजार अंशांवर रसरूप असते; चूल थंडावली तर ते तिथेच थिजते आणि भट्टी फोडून काढावे लागते. म्हणून तिला दिवसरात्र, सणवार, संप, सत्तांतर यांतून सतत पाजत आणि रिकामी करत राहावे लागते, आणि काही वर्षांनी आतल्या विटांचे अस्तर बदलावे लागते, ज्याला इथे ‘कॅपिटल रिपेअर’ म्हणतात. हे काम करणारे हात १९९१ पर्यंत पुरते इथलेच झाले होते. शेकडो अभियंते सोव्हिएत कारखान्यांत शिकून आले होते, त्यांनी इथे पुढच्यांना शिकवले. पंचवीस लाख टनांचा आणि मग चाळीस लाख टनांचा विस्तार होत गेला तसतसा परक्या तज्ज्ञांचा वाटा घटत गेला. आठवी झोतभट्टी, ४०६० घनमीटरची ‘महामाया’, २०१८ मध्ये पेटली. त्याच नावाची देवी रतनपूरला आहे, बिंबाजींच्या राजधानीत.

असिमोव्ह इथे अचूक होते. ‘फाउंडेशन’मध्ये एक व्यापारी साम्राज्याच्या जुन्या प्रांतात जातो आणि तिथले प्रचंड वीजकेंद्र पाहतो. ते चालवणारे तंत्रज्ञ वंशपरंपरेने नेमलेले आहेत, त्यांचा मान मोठा आहे, पण त्यातली एक नळी जळाली तर ती बदलायची कशी हे त्यांच्यातल्या एकालाही येत नाही. साम्राज्य मेलेले आहे हे त्या व्यापाऱ्याला तिथे कळते. साम्राज्य काय मागे ठेवून जाते, हा खरा प्रश्न नाही. जे ठेवले ते उघडून, मोडून, पुन्हा जुळवायची विद्या त्याने काठावरच्या हातांत जाऊ दिली का, हा आहे. भोसल्यांनी छत्तीसगडात मंदिर आणि वसुलीचे दफ्तर ठेवले. सोव्हिएतांनी भिलाईत भट्टी ठेवली आणि भट्टीचे काम शिकवले. दोन पतनांतला फरक मला याच जागी दिसतो.

हा फरक किती महाग पडू शकतो याचा दाखला आपल्याच अवकाश कार्यक्रमात आहे. जानेवारी १९९१ मध्ये इस्रोने सोव्हिएत ‘ग्लाव्हकॉसमॉस’शी क्रायोजेनिक इंजिने आणि त्यांचे तंत्रज्ञान यांचा करार केला. वर्षअखेरीस विकणारा देश संपला. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये नवा रशिया मागे सरला: तयार इंजिने मिळतील, विद्या मिळणार नाही. त्या इंजिनावर २००१ मध्ये जीएसएलव्ही रॉकेट उडाले. स्वतःच्या क्रायोजेनिक इंजिनावर ते यशस्वी व्हायला ५ जानेवारी २०१४ उजाडले. एका साम्राज्याच्या पतनाने एका ज्ञानाचे हस्तांतर अर्ध्यात तुटले आणि ते भरून काढायला वीस वर्षांचे कष्ट पडले. अवकाशातल्या साम्राज्यपतनावरची याहून चांगली कथावस्तू मला ठाऊक नाही, आणि ती पृथ्वीवरच घडली आहे.

असिमोव्हवर माझा एक गंभीर आक्षेपही आहे, आणि तो नोंदवल्याशिवाय ही कादंबरी का लिहिली ते पुरते सांगता येणार नाही. त्यांच्या साम्राज्यात मजूर नाहीत. राजधानी ट्रँटरवर चार हजार कोटी लोक आहेत, त्यांना पोसणारे शेतीचे ग्रह आहेत, पण नांगर धरणारा किंवा नळी जळाल्यावर भाजणारा माणूस पानावर येत नाही. ही उणीव बहुतेक सगळ्या प्रकाराची आहे. सम्राट, सेनापती, व्यापारी, बंडखोर राजकन्या, गणिती. त्याखाली जमीन नाही.

भिलाईत ती जमीन दिसते. कारखान्याच्या कायम कामगाराला घर, इस्पितळ, शाळा मिळाली. खाणीतल्या आणि भोवतालच्या खाजगी कारखान्यांतल्या ठेका मजुराला त्यातले काहीच नव्हते. दल्ली-राजहराच्या खाणमजुरांची संघटना १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगींनी उभी केली, मजुरांच्या पैशातून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभे राहिले, पुढे ही चळवळ भिलाईच्या औद्योगिक पट्ट्यात आली. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी आपल्या भिलाईतल्या घरात झोपेत गोळी घालून मारले गेले. १ जुलै १९९२ ला पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या मजुरांवर पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात सोळा कामगार गेले. नियोगी मारले गेले तेव्हा क्रिकाल्योव्ह वर फिरत होता; गोळीबार झाला तेव्हा त्याला उतरून तीन महिने झाले होते. त्याचे नाव जगाला माहीत आहे. त्या सोळांची नावे इथे दर १ जुलैला घेतली जातात, बाहेर कुणी घेत नाही.

भिलाईहून तासाभरावर राजनांदगाव आहे. तिथे १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. घरात मराठी, लेखन हिंदीत, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी-कादंबरीकार. त्यांनी लिहिलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. भट्ट्या पेटत होत्या त्याच वर्षांत, त्याच मुलखात, ते रात्रीच्या रस्त्यावरून निघालेल्या सत्तेच्या मिरवणुकांची भयस्वप्ने लिहीत होते. मराठीतून साम्राज्याची अवकाशकथा लिहायला बसताना मला असिमोव्हपेक्षा त्यांचा धाक जास्त होता.

तेव्हा वाचकाला पुढे काय भेटेल ते सांगून थांबतो. ही कथा राजधानीत एकदाही जात नाही. ती एका धातूच्या उपग्रहावर घडते, जिथे राजधानीचा निरोप पोहोचायला एकोणीस वर्षे लागतात आणि जिथल्या भट्ट्या पाच पिढ्या विझलेल्या नाहीत. सम्राट त्यात नावानेच आहे. जुन्या फर्मानांचे अर्थ लावणारे एक दफ्तर आहे, वारस नसलेले एक कर्ज आहे, आणि एक बाई आहे जी भट्टीचे अस्तर बदलायला शिकली, पण ठेक्यावरची असल्याने तिचे नाव कुठल्याच कायम यादीत नाही. निरोप येणे बंद झाल्यावर उपग्रहावरचे अधिकारी तिला शोधू लागतात. सुरुवातीला पन्नासेक पाने केवळ हजेरी, पाळ्या आणि दुरुस्तीची आहेत. युद्धाची वाट पाहणाऱ्या वाचकाला ती लांबलेली वाटतील, तरी ती मी मुद्दाम ठेवली आहेत, कारण पुढे जे कोसळते ते याच पानांतल्या कामांपैकी एक थांबल्यामुळे.